हातच्याची वजाबाकी आणि दृश्य प्रतिमाने

५२ मधून २७ वजा करताना अनेक विद्यार्थी ३५ हे उत्तर लिहितात. एककस्थानी २ मधून ७ वजा होत नाहीत, म्हणून ते ७ मधून २ वजा करतात. अशा चुका निष्काळजीपणाच्या नसून नियमबद्ध असतात, हे ब्राउन व बर्टन यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. म्हणूनच केवळ सराव वाढविल्यास चुकीचा नियमच दृढ होण्याचा संभव असतो.

येथे काड्यांचे गठ्ठे उपयुक्त ठरतात. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या मांडून एक गठ्ठा सोडला, की चार गठ्ठे व बारा सुट्या काड्या होतात. एकूण काड्या मात्र ५२ च राहतात, हे विद्यार्थ्यास प्रत्यक्ष दिसते. ‘हातचा घेतला’ या शब्दप्रयोगातून ते स्पष्ट होत नाही. ब्रुनर यांच्या कृती, प्रतिमा व चिन्ह या क्रमानुसार त्यानंतर गठ्ठ्यांचे चित्र व शेवटी अंक यावेत. आपल्याकडे बहुधा अंकांनीच प्रारंभ होतो.

तथापि गठ्ठे प्रामुख्याने ‘काढून घेणे’ हाच अर्थ दर्शवितात. आईचे वय ५२ व मुलीचे २७ असता दोघींच्या वयांतील फरक काढताना काहीच काढून घेतले जात नाही. तेथे संख्यारेषा हवी: २७ पासून ३० पर्यंत ३, तेथून ५० पर्यंत २० व ५२ पर्यंत २, अशा उड्यांची बेरीज २५.