वेग दुप्पट, दंड मात्र तेवढाच

आज आपण सुसाट गाड्या आणि त्यांना होणारा दंड याबद्दल बोलणार आहोत. विषय पोलिसांचा वाटेल. पण शाळेत पायी जाणारी मुलं आपली आहेत, बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बायका आपल्या आहेत. घरातलं कमावतं माणूस गेल्यावर गटाच्या कर्जाचा हप्ता एकटीने फेडणारीही आपलीच बहीण असते.

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. केंद्र सरकारच्या अहवालात दर दहांपैकी सात मृत्यूंपुढे अतिवेगाची नोंद आहे.

वेग इतका घातक का? ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोर मूल आलं हे चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. शिवाय वेग ४० चा ८० झाला, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. धडकेचा जोरही तसाच वाढतो.

आता कायदा बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. तेव्हा अतिवेगाला पहिल्या वेळी जास्तीत जास्त ४०० रुपये दंड होता. २०१९ मध्ये संसदेने तो वाढवला. आता कारसारख्या हलक्या वाहनाला १ ते २ हजार, तर ट्रक-बससारख्या मोठ्या वाहनाला २ ते ४ हजार रुपये. दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त. चालकाला वेगाने हाकायला लावणारा मालकही त्याच कलमात येतो. महाराष्ट्रात नवे दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले.

मग उणीव कुठे राहिली? हा दंड वाहनाच्या प्रकारावर ठरतो, वेग मर्यादेच्या किती वर गेला यावर नाही. ६० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर एक कार ७० ने गेली आणि दुसरी १३० ने, तरी दोघींना एकच कलम आणि तोच दंड. धोकादायक रीतीने गाडी चालवण्याचं वेगळं कलम आहे. त्यात सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १ ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कोणत्या वेगापासून ते लागतं, याचा आकडा तिथे नाही.

आपल्या गटाचंच बघा. हप्ता एक दिवस चुकला आणि तीन महिने थकला, तर दोघींना सारखाच दंड लावतो का आपण? नाही. कायद्यातही तशा पायऱ्या हव्यात. थोडा वेग जास्त, तर थोडा दंड. मर्यादेच्या दीडपट-दुप्पट वेग, तर मोठा दंड आणि पहिल्याच वेळी काही महिने लायसन्स बंद. हे आकड्यांनी लिहिलेलं असावं, म्हणजे पळवाट राहत नाही.

एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "दंड वाढला की गरिबाच्याच खिशाला चाट. भाड्याचा टेम्पो चालवणाऱ्याची दोन दिवसांची कमाई जाते, बड्या घरच्या पोराला काय त्याचं?" मावशींचं म्हणणं खरं आहे. म्हणून फिनलंडमध्ये मोठ्या अतिवेगाचा दंड माणसाच्या कमाईवर ठरवतात. ब्रिटनच्या न्यायालयांतही वेग जितका जास्त, तितका दंड आठवड्याच्या मिळकतीच्या प्रमाणात वाढतो. आणि लायसन्स बंद झालं, की श्रीमंतालाही स्टिअरिंग सोडावं लागतं.

अजून एक. गटात दंडाचा धाक राहतो, कारण पुढच्याच बैठकीत तो सगळ्यांसमोर भरावा लागतो. रस्त्यावर तसं होत नाही. कॅमेरा असेल तिथेच गाडी सापडते, आणि ई-चलनं न भरता पडून राहतात. कडक कायद्याला पक्की वसुली नसेल, तर त्याला कोणी भीक घालणार नाही.

मैत्रिणींनो, कायदा केंद्राचा आहे, म्हणून वेगानुसार दंडाची मागणी आपल्या खासदारांकडे करायची. पण दंडाची रक्कम दहापटीपर्यंत वाढवण्याचा अधिकार याच कायद्याने राज्याला दिला आहे, म्हणून आमदारांनाही निवेदन द्यायचं. शाळेजवळ वेगमर्यादेची पाटी, गतिरोधक आणि तपासणी हवी, असा ठराव ग्रामसभेत घ्या आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.

आणि घरातलंही बघू. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. तेव्हा दहावी पास झाला म्हणून बाइकची चावी हातात देण्याआधी हे आकडे घरात सगळ्यांना ऐकवा.

निवेदनाचा मसुदा पुढच्या बैठकीत बसून लिहू. सह्या मात्र आजपासूनच गोळा करा.