आमच्या घरात काय शिजतं, ते सरकारला कशाला?

– ऊस विकास अधिकारी



मागे लागणीच्या नोंदी तपासण्यासाठी वढू बुद्रुकला गेलो होतो. काम आटोपल्यावर ओट्यावर चहा झाला आणि एका जुन्या सभासदाने विषय काढला. त्यांच्या मुलीच्या सासरी घरखर्चाच्या पाहणीसाठी सरकारी माणूस आला होता. तेल किती लागलं, मीठ किती, चपला किती जोड घेतल्या, मोबाईलला किती गेले, असे विचारू लागला. व्याह्यांनी चार प्रश्न ऐकले आणि "आम्हाला वेळ नाही" म्हणून त्याला वाटेला लावले. आमचे सभासद म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी. आमच्या घरात काय शिजतं, ते सरकारला कशाला?"

प्रश्न रास्त आहे. ओट्यावर उत्तर पुरे झाले नाही, म्हणून येथे लिहितो.

या कामाला राष्ट्रीय नमुना पाहणी म्हणतात. प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकाराने ती १९५० साली सुरू झाली. त्याआधी १९४९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष महालनोबिस, आणि सभासदांत एक पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर होते, तेच हे गाडगीळ. म्हणजे ही पाहणी आणि आपली चळवळ अगदीच परकी नाहीत.

त्याही आधीचे उदाहरण आपल्या शिरूर तालुक्यातच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि कानिटकर या दोघांनी जातेगाव बुद्रुक या गावचा अभ्यास करून १९२१ साली पुस्तक छापले. जमिनीचे तुकडे, कर्ज, कुटुंबाची मिळकत आणि खर्च असे सगळे त्यात आले. कोरडवाहू गावातला शेतकरी कसा जगत होता हे आज आपल्याला कळते, कारण त्या लोकांनी दार उघडून माहिती दिली.

आता मुख्य मुद्दा. बाजारात महागाई किती वाढली हे सरकार एका आकड्याने सांगते, त्याला ग्राहक किंमत निर्देशांक म्हणतात. हा आकडा काढायला नुसते भाव कळून भागत नाही. घरातल्या १०० रुपयांपैकी धान्यावर किती, दुधावर किती, औषधावर किती जातात, हे आधी माहीत असावे लागते, आणि ते या पाहणीतूनच कळते. २०११-१२ च्या पाहणीवरून जी मालिका बांधली होती, तिच्यात साखर व मिठाई मिळून १०० रुपयांत फक्त १ रुपया ३६ पैसे धरले होते. साखरेचे भाव दोन रुपयांनी वाढले की ओरड किती होते, हे आपणास ठाऊकच आहे! असो.

हिशोब जुना राहिला तर काय होते, ते बघा. शेतमजुरांसाठी वेगळा निर्देशांक असतो. मनरेगाची मजुरी वाढवताना त्याचाच आधार घेतला जात असे. या निर्देशांकातला घरखर्चाचा हिशोब १९८३ सालच्या पाहणीवर बेतलेला होता आणि तो २०२५ पर्यंत तसाच चालला. १९८३ साली कोणाच्या घरी मोबाईल होता? शाळेची बस दारात येत होती का? म्हणजे खुरपणीला येणाऱ्या बायामाणसांची महागाई आपण बेचाळीस वर्षे जुन्या ताटावरून मोजत होतो. २०२५ साली नवी मालिका आली, पण तिलाही आधार २०११-१२ चाच. मध्ये २०१७-१८ ला पाहणी झाली होती, परंतु माहितीच्या दर्जाचे कारण देऊन तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले नाहीत. त्यानंतर २०२२-२३ आणि २०२३-२४ अशा लागोपाठ दोन पाहण्या झाल्या. ग्रामीण भागात २०११-१२ ला खर्चापैकी सुमारे ११ टक्के तृणधान्यावर होता, तो सुमारे ५ टक्क्यांवर आल्याचे तेव्हा दिसले. ज्वारी-बाजरीचा वाटा घटला आणि बाकीचे खर्च वाढले, हे आपल्या घरात आपण पाहतोच.

सभासदांची दुसरी शंका अशी होती, की देशभरात कोट्यवधी घरे, मग आमच्या एका घराने काय फरक पडतो? २०२३-२४ ला साऱ्या देशातून सुमारे २ लाख ६२ हजार घरेच घेतली होती. निवडलेल्या गावात घरांची यादी करून जमिनीप्रमाणे गट पाडतात आणि एकूण १८ घरे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात. माती परीक्षणाचा नमुना आठवा. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाखालची माती घेऊ नका, नागमोडी चालत ठिकठिकाणची घ्या, असे आम्ही सांगतो ना? ऊस पक्वतेच्या वेळीही तोड लवकर मिळावी म्हणून काही जण पाटाकडेचा जाड, पिकलेला ऊस पुढे करतात. ब्रिक्स चांगला दिसतो, टोळी येते आणि उतारा मात्र पडतो. तसेच येथे होते. बागायतदाराने दार लावले की त्याच्या जागी दुसरे घर घ्यावे लागते. असे फार झाले की खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांचा खर्च नोंदीत कमी येतो आणि सारा हिशोब एका बाजूला कलतो.

मिळकतच का विचारत नाहीत, असेही कोणी म्हणेल. १९६४-६५ आणि १९६९-७० ला ते करून पाहिले. लोकांनी सांगितलेली मिळकत खर्च आणि शिल्लक यांच्या बेरजेपेक्षा कमी भरली! खर्च सांगताना माणूस तितका हात आखडत नाही.

पण खर्च सांगताना आपण विसरतो फार. २०२३-२४ ला ग्रामीण भागात माणशी महिन्याला सरासरी ४,१२२ रुपये खर्च निघाला. पाच माणसांच्या घराला २० हजार ६१० झाले. हे ऐकून आमचे सभासद हसले, "एवढा कुठला आमचा खर्च?" मग त्यांच्या सूनबाईंनी आतूनच मोजायला सुरुवात केली. घरचे दूध, घरची ज्वारी, परसातली भाजी यांचाही शेतावरच्या भावाने खर्च धरतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते धरून, मुलांची फी, गोळ्या-औषधे, गाडीचे पेट्रोल मिळवले तेव्हा बेरीज २० हजारांच्या पुढेच गेली. सासरे गप्प.

मात्र खते, बेणे, पाणीपट्टी, ट्रॅक्टरचे डिझेल हा शेतीचा खर्च यात येत नाही. जमीनखरेदी आणि कर्जाचा हप्ताही नाही. तेल, भाजी, अंडी-मटण यांचा मागील सात दिवसांचा खर्च विचारतात. कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च मागील वर्षाचा, आणि इतर बहुतेक बाबींचा तीस दिवसांचा. सभासद साखरेला जी किंमत आपण मोजली तीच सांगावी, बाजारभाव नव्हे.

भीती दोन प्रकारची असते, रेशनकार्ड जाईल आणि इन्कमटॅक्सवाले येतील. सांख्यिकी संकलनाचा २००८ चा कायदा आहे. गोळा केलेली माहिती केवळ आकडेवारीसाठीच वापरावयाची, घराचे नाव उघड करावयाचे नाही, असे बंधन त्यात आहे. सबब भीतीपोटी खर्च कमी सांगू नये. आणि पाहुण्यांसमोर मोठेपणा म्हणून वाढवूनही सांगू नये. तेही तितकेच घातक आहे.

मागील दोन पाहण्यांत माणूस एकाच घरी तीन महिन्यांत तीन वेळा जात असे, कारण एका बैठकीत सगळे विचारले की माणूस कंटाळतो आणि काहीतरी ठोकून देतो. पुढे आपल्या गावाची निवड झालीच तर आलेल्या माणसाचे ओळखपत्र प्रथम पाहावे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय किंवा राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय यांपैकी एकाचे ते असेल. शंका वाटल्यास ग्रामपंचायतीत विचारावे. बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा माणूस पाहणीचा नव्हे, त्याला खुशाल वाटेला लावा. किराणा दुकानाची वही, डेअरीची पावती, लाइट बिल हाताशी ठेवावे. आणि उत्तरे द्यायला घरातल्या बाईमाणसांना पुढे बोलवावे. मिठाचा पुडा किती दिवस पुरतो, हे आपणा पुरुष मंडळींपैकी कितीजणांना सांगता येईल?