जलतण विरळणी, उद्यान-तळ्यातील

बागेतील लहान तळ्यात माजलेल्या पाणवनस्पतींचा काही भाग, तेथील प्राणिजीवनास बाधा न आणता, ठराविक काळाने काढून टाकण्याची क्रिया. तळे पूर्णपणे स्वच्छ करणे हा तिचा उद्देश नसून वनस्पती, प्राणी व मोकळे पाणी यांचा समतोल राखणे हा आहे.

जलतणांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : (१) पाण्यात बुडालेली (हायड्रिला, सेरॅटोफायलम), (२) पृष्ठभागावर तरंगणारी (जलपर्णी, पिस्टिया, साल्व्हिनिया, लेम्ना) आणि (३) तंतुरूप शैवले (स्पायरोगायरा). माशांचे उरलेले खाद्य, कुजणारा पालापाचोळा व हिरवळीवरून वाहून येणारी खते यांमुळे पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस वाढतात आणि तण फोफावते. पुढे पृष्ठभाग झाकला जाऊन खालील वनस्पतींना प्रकाश मिळत नाही. दिवसा वनस्पती ऑक्सिजन सोडतात. परंतु रात्री त्या व प्राणी दोन्ही केवळ श्वसन करीत असल्यामुळे दाट तणाच्या तळ्यात पहाटे ऑक्सिजनाचे प्रमाण फार घटते व मासे मरतात.

तथापि हेच तण अनेक जीवांचे निवासस्थान असते. काही टाचण्या (चतुरांसारखे नाजूक कीटक) वनस्पतींच्या देठांत अंडी घालतात. गोगलगायी, भैकेर (बेडकांची पिले) व लहान मासे त्यांच्या आडोशाने राहतात. चतुरांचे डिंभ डासांच्या अळ्या खातात. सर्व तण एकदम उपसल्यास हे भक्षक नष्ट होतात. डासांची पिढी मात्र थोड्या दिवसांत पूर्ण होत असल्याने तळ्यात प्रथम डासच वाढतात.

विरळणीचा काळ हवामानावर अवलंबून असतो. ब्रिटनमध्ये बेडूक वसंत ऋतूच्या सुमारास अंडी घालीत असल्याने हे काम शरद ऋतूत करतात. महाराष्ट्रात बहुतेक बेडकांचा प्रजननकाल पावसाळ्यात असतो; म्हणून भैकेरांचे रूपांतर आटोपल्यावर, हिवाळ्यात विरळणी करणे सोयीचे ठरते.

एका वेळी सु. एक-तृतीयांशापेक्षा अधिक तण काढू नये. उरलेले काही आठवड्यांच्या अंतराने काढावे. तरंगते तण जाळीने, बुडालेले हाताने वा बोथट दंताळ्याने हळूहळू ओढून आणि शैवल काठीभोवती गुंडाळून काढतात. दंताळे तळाच्या गाळात रुतवू नये. काढलेले तण पाण्यात हिसळून एक-दोन दिवस सावलीत काठालगत पसरून ठेवावे, म्हणजे त्यातील जीव पाण्यात परततात. त्यानंतर मात्र ते दूर न्यावे. अन्यथा कुजलेल्या तणातील पोषकद्रव्ये पुन्हा तळ्यात उतरतात. त्याचे कंपोस्ट खत चांगले होते. हायड्रिला व साल्व्हिनिया यांच्या लहान तुकड्यांपासूनही नवी वाढ होत असल्यामुळे ते नदी, ओढा वा गटारात टाकू नये.

तणनाशके लहान तळ्यात वापरणे अनिष्ट होय. एकदम मेलेले तण कुजताना ऑक्सिजन झपाट्याने संपतो व औषधाच्या प्रत्यक्ष विषबाधेशिवायही प्राणी गुदमरतात. भारतात १९५९ साली आणलेला गवत्या मासा मोठ्या तलावांत तणनियंत्रणास उपयोगी पडतो. लहान तळ्यात तो इष्ट वनस्पतीही खाऊन टाकतो.

मूळ कारण दूर न केल्यास तण पुन्हा माजते. यासाठी माशांना बेताने खाद्य देणे, गळालेली पाने वेळच्या वेळी काढणे आणि काठालगत खते न घालणे हे उपाय विरळणीइतकेच महत्त्वाचे आहेत.