कंबर वाचली, मातीही वाचली!

"चिखल न करता भात? काहीतरीच काय!"

माणगाव तालुक्यातल्या आमच्या खाचराच्या बांधावर उभ्या असलेल्या सगळ्या जावा-जावा एकदमच हसल्या. जूनचा पहिला आठवडा होता. कृषी खात्याच्या ताई प्रात्यक्षिक दाखवायला आल्या होत्या. नांगर नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. समोर होते फक्त मातीचे गादीवाफे आणि एक लोखंडी साचा. ताईंनी तो वाफ्यावर दाबला, उचलला, की पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर नीट खड्डे. प्रत्येकात तीन-चार दाणे टाकायचे, माती लोटायची. झाली पेरणी!

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे वाकायचं नाही?"

त्यांच्या या प्रश्नामागे पन्नास पावसाळे होते. मैत्रिणींनो, ज्यांनी लावणी केली असेल त्यांना सांगायला नको. डोक्यावर इरलं, पायाखाली गुडघाभर चिखल, हातात आवणाची मूठ आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत वाकलेली कंबर. नांगराचं कौतुक बैलाला आणि बाप्याला, लावणी मात्र बायकांची. रात्री पायाच्या बोटांच्या बेचक्यांना तेल लावत बसायचं, सकाळी पुन्हा तोच चिखल.

हे तंत्र आपल्याच रायगड जिल्ह्यातलं आहे, याचं मला जास्त अप्रूप वाटलं. कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बाग आहे. तिथले शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी ते विकसित केलं, म्हणून नाव सगुणा भात तंत्र. वाफे एकदाच करायचे, ते मोडायचे नाहीत. कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच ठेवायची. ती आतल्या आत कुजतात, त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, त्यातून हवा-पाणी खेळतं आणि गांडुळं परत येतात.

ताईंनी विचारलं, "जोराचा पाऊस झाला की तुमच्या खाचरातून कुठल्या रंगाचं पाणी वाहतं?"

लाल, गढूळ. लहानपणापासून तेच बघितलंय आम्ही. पण ती आपली माती चालली आहे, हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ऐन धारेत आपण माती घुसळून तिचा काला करतो. बांध फुटला की वरचा कसदार थर ओढ्यात, ओढ्यातून काळ नदीत आणि पुढे सावित्रीच्या खाडीत. शिवाय आवणाच्या रोपांसाठी राब भाजायचा, त्यासाठी ऐनाची टहाळं तोडायची. हे तंत्र केलं की राबच लागत नाही, म्हणजे डोंगरावरचं झाडही वाचतं.

भाताचं खाचर ही नुसती शेती नव्हे, ती पाणथळ जागाही आहे. इराणमधल्या रामसर शहरात १९७१ साली पाणथळ जागा जपण्याचा जो करार झाला, त्यात भातखाचरंही मोजली जातात. आपल्याला करार माहीत नसला तरी वलगणीचे मासे माहीत आहेत! पहिल्या पावसात ओढ्यातून चढून मासे खाचरात अंडी घालायला येतात. बांधावरचे मुठे, मागे मागे चालणारे बगळे, कडेला उगवणारा टाकळा, कुर्डू. आपलं अर्धं पावसाळी जेवण त्या खाचरातच असतं.

म्हणूनच मला दोन गोष्टी खटकल्या, त्या सांगायलाच हव्यात.

पहिली तणनाशकाची. नांगरणी नाही म्हटल्यावर तण माजतं, आणि ते मारायला या तंत्रात तणनाशक फवारतात. ते औषध वाहून ओढ्यात गेलं, तर मातीला वाचवून माशाला मारल्यासारखं! आम्ही पाच गुंठ्यांवर प्रयोग केला, त्यातले दोन गुंठे फवारणीविना ठेवले. खोटं कशाला सांगू, तिथे दोन बेणण्या जास्त लागल्या. म्हणजे वाकणं पुरतं सुटलं नाही. पण तिथलं तण आम्ही वाफ्यातच आच्छादन म्हणून पसरलं. ज्यांना फवारायचंच आहे त्यांनी निदान ओढ्याकाठची पट्टी सोडावी आणि पावसाचा रंग बघून फवारावं.

दुसरी गोष्ट मजुरीची. आदिवासीवाडीवरच्या बायका दरवर्षी आमच्याकडे लावणीला येतात. त्यातली एक जण बांधावर थांबून म्हणाली, "वहिनी, तुमची कंबर वाचली, पण आमचा रोज गेला की!" काय उत्तर देणार? कापणीनंतर त्याच वाफ्यांवर, जमिनीतल्या ओलीवर आम्ही वाल टोकला. टोकणीला, शेंगा तोडायला तिलाच बोलावलं. लावणीचे सगळे दिवस भरून निघाले नाहीत, हे मला माहीत आहे. खर्च वाचतो तो कुणाच्या खिशातून, हा हिशोब घरातल्या बाईनेच मांडायला हवा.

उतारा? शेजारच्या लावणीच्या खाचरापेक्षा कमी आला नाही. मध्ये आठवडाभर पावसाने दडी मारली तेव्हा चिखलणी केलेल्या जमिनीला भेगा पडल्या, आमचे वाफे मात्र ओल धरून होते. ऑक्टोबरात मी मूठभर माती उचलली तर आत गांडूळ वळवळत होतं. सासूबाईंनी ते हळूच पुन्हा वाफ्यात सोडलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सगळी शेती एकदम काढू नका. दोन-चार गुंठे घ्या. पाणी तुंबणारी अगदी खोलगट जमीन सोडा. पहिल्या जोराच्या पावसाआधी दाणा रुजला पाहिजे, हे लक्षात ठेवा. आणि वाफे परत नांगरायचा मोह आवरा, तोच सगळ्यात कठीण!

जानेवारीत त्याच वालाची आम्ही पोपटी लावली. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास, मडक्यातून निघणाऱ्या वाफा, सगळा गोतावळा जमलेला. दिरांनी सहज विषय काढला, "यंदा सगळ्याच शेताला वाफे करायचे का? का जुनी लावणीच बरी?"

शेंग सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "लावणी करायची तर कर की. पण वाकायला तू ये, मी नाही येणार!"

या वर्षी आमच्याकडे वीस गुंठे आहेत.