गाळाने राखलेलं ब्रूज

पॅरिसहून अ‍ॅमस्टरडॅमकडे निघालेल्या सहलीत बेल्जियमच्या वाट्याला बहुतेक वेळा ब्रसेल्समधले काही तास येतात. चॉकलेटची खरेदी, फोटो, की बस पुढे. तुमच्या हातात एक रात्र जास्तीची असेल तर ती ब्रूजला द्या. ब्रसेल्सहून रेल्वेने साधारण तासाभराची वाट आहे.

ब्रूजचे कालवे आज देखणे दिसतात, पण त्यांच्यावर एके काळी शहराचं पोट चालत होतं. 1134 च्या वादळात समुद्र आत घुसला, झ्विनची खाडी तयार झाली आणि ब्रूजला समुद्राची वाट मिळाली. मोठी जहाजं अलीकडे डामला थांबत. तिथून माल होड्यांमधून शहरात येई. इंग्लंडची लोकर यायची, फ्लँडर्सचं कापड जायचं. जेनोआ-व्हेनिसचे व्यापारी इथे ठाण मांडून होते. व्हॅन डर ब्यूर्झ घराण्याच्या सराईसमोरच्या चौकात त्यांचे सौदे चालत. युरोपातल्या शेअर बाजाराची मुळं तिथे शोधतात.

मग खाडी गाळाने भरत गेली. त्यात 1488 मध्ये शहराने सम्राटपुत्र मॅक्सिमिलियनला कैदेत टाकलं. सुटल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पला जायला लावलं. 16 वं शतक उजाडलं तेव्हा वैभव निघून गेलं होतं, आणि पुढची तीनेकशे वर्षं ब्रूज गरीब राहिलं. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. म्हणून तर मार्कस गेरार्ड्सचा 1562 चा नकाशा हाती घेऊन आजही इथल्या बऱ्याच गल्ल्या सापडतात. 2000 मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

एकच जागा पाहायची झाली, तर मी सेंट जॉन रुग्णालय सांगेन. 12 व्या शतकातली ही संस्था आता संग्रहालय आहे. हान्स मेमलिंगने रुग्णालयासाठीच रंगवलेली चित्रं अजून तिथेच आहेत. 1489 ची संत उर्सुलाची मंजूषा म्हणजे सोनेरी लाकडी चर्चची लहानशी प्रतिकृती. तिच्या बाजूंवर जहाजं, बंदरं आणि कलोन शहर इतकं बारीक रंगवलंय की पाय निघत नाही. ज्या आवारात रोगी खाटांवर पडलेले असत, तिथेच ही चित्रं बघताना त्यांचं प्रयोजन कळतं. मोठ्या कलादालनात ते कळणं अवघड.

समोरच्या चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बालक आहे. त्याच्या हयातीतच ती ब्रूजच्या व्यापाऱ्यांनी विकत घेतली. 1944 मध्ये नाझींनी ती पळवली. युद्धानंतर ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीतून परत आली. शहराच्या मुख्य चौकातल्या 83 मीटर उंच घंटामनोऱ्याला 366 पायऱ्या आहेत. गुडघे धड असतील तर चढा.

बोटीची फेरी अर्ध्या तासाची असते, हिवाळ्यात ती बहुतेक बंद. फेरी जरूर करा, पण नंतर गर्दी सोडून पूर्वेला सेंट अ‍ॅनाच्या वस्तीत चाला. तिथे जेनोआहून आलेल्या अ‍ॅडोर्नेस घराण्याने 15 व्या शतकात बांधलेलं जेरुसलेम चर्च आहे, शेजारी लेस विणण्याचं केंद्र आणि पुढे तटबंदीच्या उंचवट्यावर पवनचक्क्या. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: बेल्जियमचे फ्राइज परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. घेण्याआधी विचारा.

दिवसभराचे पर्यटक संध्याकाळच्या गाड्यांनी परततात. झीब्रुगे बंदरातल्या क्रूझ जहाजांची माणसंही निघून जातात. त्यानंतरचं आणि सकाळी नऊच्या आधीचं ब्रूज खऱ्या अर्थाने पाहण्यासारखं आहे. हॉटेल ब्रसेल्सला स्वस्त मिळतंय म्हणून धावती भेट ठरवू नका. मुक्काम जुन्या शहराच्या आतच करा.