सापडलेल्या लाकडाची मांडणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाऱ्यात मोडून पडलेली आंब्याची फांदी, बांधावरच्या बाभळीचं बेचकं, किनाऱ्याला लागलेला ओंडका. अशा लाकडातून स्वयंपाकघरासाठी फळी, खुंट्या, बरण्यांची मांडणी घरच्या घरी करता येते. मात्र करवत हाती घेण्याआधी काही समजुती तपासून घ्याव्यात.

गैरसमज: पडलेलं लाकूड कुणाचंच नसतं.
वस्तुस्थिती: भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव जंगलातून परवानगीशिवाय लाकूड उचलता येत नाही. वाहत आलेलं किंवा किनाऱ्याला लागलेलं इमारती लाकूडही, कुणी हक्क सिद्ध करेपर्यंत, सरकारचं मानलं जातं. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न नेण्याची रीत अनेक गावांत आहे. तेव्हा आपल्या परसातली, नाहीतर मालकाला विचारून घेतलेली फांदीच बरी.

गैरसमज: वरून वाळलं म्हणजे वाळलं.
वस्तुस्थिती: ताज्या लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. घरात वापरायला ते १२ टक्क्यांच्या आसपास यावं लागतं. सावलीत, वारा खेळता ठेवून, इंचभर जाडीच्या फळीला ढोबळमानाने एक वर्ष धरावं. कडक उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि लाकूड तडकतं. टोकांतून पाणी सर्वांत लवकर जातं, म्हणून तिथे मेण किंवा रंग फासतात. गोल ओंडका घेराच्या दिशेने जास्त आकसतो, त्यामुळे तो अख्खा वाळवला की चीर बहुधा पडतेच. मधोमध चिरून वाळवला तर ताण कमी होतो. दर महिन्याला वजन करा. ते घटायचं थांबलं की लाकूड तयार.

गैरसमज: गावरान रूप हवं तर साल ठेवावी.
वस्तुस्थिती: वाळताना साल सुटते आणि तिच्याआड किडींना आसरा मिळतो. आंब्याच्या लाकडाला तर कीड लवकर लागते. बारीक भोकांखाली ताजा भुसा पडत असेल, तर ते लाकूड घरात आणू नये.

गैरसमज: नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोकच.
वस्तुस्थिती: कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. झाडाची ओळख पटली नसेल, तर ते लाकूड स्वयंपाकघरात नकोच.

गैरसमज: खोबरेल चोळलं की काम झालं.
वस्तुस्थिती: खोबरेल सुकून घट्ट होत नाही, कालांतराने धूळ धरतं. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं. त्याचा पातळ हात द्यावा, जास्तीचं तेल पुसून काढावं. पुसलेलं फडकं मात्र चुरगाळून टाकू नये, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ते बाहेर मोकळं पसरून वाळवावं.

गैरसमज: बेचक्याची खुंटी ओझ्याने मोडते.
वस्तुस्थिती: निरोगी बेचक्यात लाकडाचे तंतू एका फांदीतून दुसरीत सलग गेलेले असतात, त्यामुळे ते चांगला भार पेलतं. फक्त अरुंद, आत साल दबलेलं बेचकं टाळावं. पहिल्या खेपेला फळीपेक्षा अशी खुंटीच करावी: बारीक असल्याने लवकर वाळते, छोटी चीर पडली तरी बिघडत नाही आणि झारे, पळ्या, गाळणी टांगायला लगेच उपयोगी पडते.