प्रवाळातली रात्रपाळी

बडोद्यातल्या कित्येक मुलांना समुद्राची पहिली ओळख होते ती कमाटीबागेतल्या संग्रहालयात, देवमाशाच्या अवाढव्य सांगाड्यापाशी. पण बडोदा संस्थानाला स्वतःचा समुद्रकिनारा होता. द्वारका, बेट द्वारका, ओखा हा सगळा ओखामंडल गायकवाडांचा मुलूख. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०५-०६ साली, सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी तिथले सागरी जीव गोळा केले. त्यांच्या अहवालाचे दोन भाग १९०९ आणि १९१६ साली छापले गेले. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाने स्पंजांसारख्या दुर्लक्षित जीवांसाठी पैसे खर्च केले, याचा बडोदेकरांनी अभिमान बाळगायला हवा.

ओखामंडलाला लागूनच असलेल्या कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. नरारा, पिरोटनला ओहोटीच्या वेळी प्रवाळांमधून चालता येतं. माणसं जातात ती दिवसा, आणि रात्रपाळीचे मासे तेव्हा कपारीत दडलेले असतात.

कार्डिनलफिश हे त्यांतलं एक मोठं कुळ, साडेतीनशेच्या आसपास जातींचं. बहुतेक जाती बोटभर लांबीच्या. गुजरातच्या किनाऱ्यापासून भूमध्य समुद्र, जपान आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या थंड पाण्यापर्यंत ते आढळतात. डोळे शरीराच्या मानाने भलतेच मोठे. बऱ्याच जातींचा रंग लाल, पण पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे अंधारात हा मासा काळाच भासतो.

त्याचं तोंड जवळून पाहावं. मादीने घातलेली गाबोळी नर तोंडात घेतो. गालफडं फुगतात, जबडा नीट मिटत नाही, फटीतून अंड्यांचा गोळा दिसतो. अधूनमधून तो गोळा तोंडातल्या तोंडात फिरवतो, म्हणजे प्रत्येक अंड्याला ताजं पाणी मिळतं. अंडी फुटून पिल्लं बाहेर येईपर्यंत बाप उपाशी; पाणी थंड असेल तर हे दिवस आणखी वाढतात. कधी भूक अनावर होऊन तो सगळी गाबोळी गिळूनही टाकतो. जपानच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासात हे दिसलं आहे.

अंधार पडला की हे मासे बाहेर पडून पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातात आणि पहाटे आपल्याच कपारीत परततात. ऑस्ट्रेलियातल्या वन ट्री बेटापाशी एक-दोन किलोमीटर दूर नेऊन सोडलेले मासेही घरी परतले होते. वासाचा माग त्यांना उपयोगी पडतो.

दिवसभर कपारीत बसून ते विष्ठा टाकतात, आणि रात्री उघड्या पाण्यात खाल्लेल्या अन्नातलं नत्र अशा रीतीने प्रवाळांपर्यंत पोचतं. म्हणून आखातातल्या माशांची मोजदाद करणाऱ्यांनी सूर्यास्तानंतरही पाण्यात उतरावं, असं मला मनापासून वाटतं.